काचपेटीतली निळी साय

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शहाद्याच्या शाळेत आम्हाला सायन्स शिकवणाऱ्या सरांकडे बोट दाखवीन. आईवडिलांना याचं वाईट वाटणार नाही, कारण ते स्वतःही हेच सांगत. मी मॅट्रिकला असताना सर सायकल मारत तापीकाठच्या आमच्या गावी आले आणि ओट्यावर बसून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाले, "याला कापसात अडकवू नका." आबांनी त्यांचं ऐकलं. मी धुळ्याला शिकलो, आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. झालो आणि पंचक्रोशीतल्याच एका शाळेत सायन्स शिकवू लागलो.

सर मूळचे कोकणातले. निवृत्त होऊन गावी परत जाताना त्यांनी स्वतःच्या घरातली काचपेटी मला दिली. लोखंडी चौकट, चारी बाजूंना काचा, सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. सोबत नारळाएवढं एक पांढरं पोवळं, त्यांच्या किनाऱ्यावर सापडलेलं, भोकाभोकांचं. "गोड्या पाण्यात हे काही जिवंत होणार नाही," ते म्हणाले, "पण तुमच्याकडच्या माणसांना समुद्राचा एवढा तुकडा तरी दिसेल. पेटी जगवून दाखव."

मी ती घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी मांडली. तापीची वाळू धुऊन तळाला पसरली, पोवळं मधोमध ठेवलं आणि बोटाएवढे अकरा मासे सोडले. आमच्या घरात मासा खात नाहीत, त्यामुळे गल्लीला आधी हसूच आलं. मग मात्र सगळे येऊन बघू लागले.

महिन्याभरात वाळूवर निळसर हिरवा डाग पडला. दोन आठवड्यांत त्याची साय झाली. तापवलेल्या दुधावर धरते तशी, पण बुळबुळीत, आणि तिच्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले. ती पोवळ्यावर चढली, काचेवर चढली. बोटाने ओढली की चिंधीसारखी निघे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच असे. वास तर असा, की जेवायला बसलेला माणूस खिडकीकडे पाठ करी.

शेजारची काकू दारातूनच विचारायची, "काय रे मास्तर, तुन्ही पेटीमा मासा शेतस का शेवाय?"

आबा चिडले. "बी.एस्सी. व्हयना नी घरमा डबकं लई उना!"

मला ते फार लागलं. निळं-हिरवं शेवाळ मी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं, त्याची आकृती काढून मार्क मिळवले होते. म्हटलं, याला औषध माझ्याकडे आहे. शेतीच्या औषधांच्या डब्यातून मोरचूद आणला, चिमूटभर पाण्यात विरघळवला आणि पेटीत ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात मासे पोट वर करून तरंगत होते. निळी साय चार दिवस फिकी पडली आणि आठव्या दिवशी पुन्हा गर्द झाली.

त्या दिवशी आबांनी निकाल दिला. "आखाजीले आंडेरी येतीन. तेन्हा पहिले हाई पेटी तापीमा गयी पाहिजे."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. सासरी गेलेल्या लेकी त्या सणाला माहेरी येतात. माझ्या दोन्ही बहिणी यायच्या होत्या आणि त्यांच्यासमोर घरात घाण नको, हे आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मधे बाराच दिवस होते.

"पेटी जाणार नाही," मी म्हणालो. आबांपुढे असं बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. "सरांनी दिलेली आहे. घाण जाईल."

मी पोवळं बाहेर काढून ओट्यावर नेलं आणि बाभळीच्या काट्याने भोकं कोरू लागलो. पहिल्याच भोकातून पांढरट लगदा आला. दुसऱ्यातूनही तोच. हुंगून पाहिला. ज्वारीचं आंबलेलं पीठ.

मग मी सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यात वह्या तपासत बसलो आणि नुसतं बघत राहिलो. मायने तुळशीला पाणी घातलं आणि पिठाची गोळी पेटीत टाकली. काकू विरजण मागायला आली, तिने भाकरीचा तुकडा कुस्करला. पाणी भरायला जाणाऱ्या बायका घागर टेकवून चिमूट-चिमूट टाकून गेल्या. तापीवर गेलं की माशांना पीठ घालायचं, पुण्य लागतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक. आता नदी दारात आली होती. सगळी गल्ली माझ्या चार माशांवर पुण्य करत होती, मासे पोटापुरतं खात होते आणि उरलेलं त्या सायीला मिळत होतं. मी रोग्याला विष पाजलं, पण त्याचं ताट पाहिलं नव्हतं.

मी त्याच दुपारी रबरी नळीने साय ओढून काढली, निम्मं पाणी बदललं, कोरून साफ केलेलं पोवळं परत ठेवलं आणि पेटीवर गोणपाट टाकून चारी बाजूंनी बांधला. उजेड नाही, पीठ नाही.

माय रडायला आली. "मुक्या जीवले भुक्या मारशी? पाप लागी तुले."

"लागू दे, माय."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी गोणपाटाची कड उचलून तिला बोलावलं. चारही मासे फिरत होते. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग पोवळ्यातून निघालेला लगदा मी ओट्यावर एका वाडग्यात ठेवला होता, तो तिच्यापुढे धरला. तिने नाकाला पदर लावला. "हाई मन्हं पीठ शे?"

दुसऱ्या दिवशी काकू भाकरी घेऊन आली तेव्हा माय दारातच उभी होती. "आठे नही. पुण्य करनं व्हई त तापीवर जा."

आखाजीच्या सकाळी आबा पेटी उचलायला माणूस घेऊनच आले. मी गोणपाट काढला. पाणी काहीसं गढूळ होतं, पण वाळू वाळूसारखी दिसत होती आणि पोवळं बरंचसं पांढरं. आबांनी चारी बाजूंनी पाहिलं.

"कोपरामा शे अजून."

"असू द्या. त्याचं मी बघेन."

आबांनी माणसाला चहा पाजून परत पाठवलं. त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं.

"आदरणीय सरांस, साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमची पेटी अजून आमच्या घरात आहे. सात मासे माझ्या हातून मेले. मोरचूद घातला होता. पुस्तकात वाचलेलं पेटीकडे न बघता वापरलं, ही माझी चूक, आणि ती तुमच्यापासून लपवणार नाही. चार जगले आहेत. बहिणी आज त्यांच्यासमोरून उठायला तयार नव्हत्या. धाकटीने विचारलं, समुद्रात सगळे दगड असेच असतात का. मला सांगता आलं नाही, तुम्ही लिहा.

डाव्या कोपऱ्यात बोटभर निळं अजून शिल्लक आहे. ते परत पसरायला बघेल, हे मला माहीत आहे. आबांनाही मी तसं सांगून ठेवलं आहे. पसरलं तर पुन्हा गोणपाट बांधीन, पुन्हा पाणी बदलीन, हवं तितक्या वेळा. पेटी तापीत जाणार नाही.

आपला विद्यार्थी"