धुतलेला मास्क

डोळा लागतोय न लागतोय, तोच खिडकीखाली गाढव ओरडतं. या बोनेर बेटावर गाढवं मोकळी हिंडतात आणि लोकांना त्यांचं भारी कौतुक. बार्शीहून निघून, विमानांमागून विमानं बदलत मी कॅरिबियन समुद्रात आले, आणि दुपारच्या झोपेला सोबत कोणाची, तर गाढवाची. वाऱ्याने खिडकीची झडपं खडखडतायत. उशाशी स्टुलावर माझा मास्क ठेवलाय, पाण्याखाली नाकडोळ्यांवर बसवायचा, काचेचा. सकाळीच तो साबणाने धुऊन, पुसून कोरडा केलाय.

त्यानेच तर सकाळी फजिती केली. गिरिजा, माझी लेक, इथे लोकांना पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात उतरायला शिकवते. मास्क हातात देऊन ती म्हणाली, "आई, काचेवर आतून थुंक, बोटाने पसरव आणि पाण्यात एकदा बुडवून काढ. नाहीतर आत धुकं धरतं." आता ज्या बाईने जन्मात कुणाचं उष्टं पाणी घेतलं नाही, पाहुणे गेल्यावर जी कपबशा उकळत्या पाण्यातून काढते, तिने जे तोंडावर चढवायचं त्यातच थुंकायचं? मी गुपचूप नळावर गेले आणि मास्क लखलखीत करून आणला. खांद्याएवढ्या पाण्यात डोकं बुडवलं आणि काचेवर असं धुकं धरलं की समोरची पोटची पोर दिसेना. मी धडपडत वर आले, तोंडातली नळी भिरकावली आणि खोलीवर येऊन पडले.

थोड्या वेळाने शेवटची बोट निघेल. उद्या रात्री माझं विमान आहे, आणि समुद्रात खोल उतरल्यावर निदान एक दिवस विमानात बसायचं नसतं. म्हणजे आज नाही तर नाहीच. खाली डॉक्टरांच्या हातची पोवळ्याची फांदी आहे. डॉक्टर म्हणजे माझे यजमान, बार्शीतले दातांचे डॉक्टर बुरगुटे. मोडलेल्या पोवळ्यांचे तुकडे इथे समुद्रातच दोरीला टांगून वाढवतात. ते लेकीकडे आले होते तेव्हा त्यांनीही बोटाएवढा एक तुकडा टांगला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून मी घरी राहिले. परत आल्यावर वर्षाच्या आत डॉक्टर गेले, बसल्या जागी. त्यांनी लावलेलं ते पोवळं मात्र वाढतंय म्हणे. मला ते बघायचंय. फार बघायचंय. आणि मला भीती वाटतेय.

गाढव गप्प होतं. झडपं गप्प होतात.

"चूळ भरा," कुणीतरी म्हणतं.

मी बार्शीच्या दवाखान्यात आहे, हिरव्या रेक्झिनच्या खुर्चीत मागे रेललेली. लवंगेच्या तेलाचा वास येतोय. पांढरा कोट घालून डॉक्टर माझ्यावर वाकलेत. कोटाचं मधलं बटण तुटलेलंच आहे.

"अहो, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. तोंड उघड."

मी उघडते. ते माझ्या तोंडात नळी बसवतात. "आता तोंडाने श्वास घे. सावकाश. आणि काही झालं तरी श्वास धरून ठेवायचा नाही. माझे पेशंट तेच करायचे, सुई दिसली की श्वास धरून बसायचे."

खुर्ची मागे मागे झुकत जाते. खालच्या फरशीची वाळू झालीय. पाणी कधी चढलं कळत नाही. ते कोमट आहे आणि इतकं स्वच्छ की बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेली माणसं मला इथून दिसतात. त्यांच्या मधून पिवळे मासे जातायत. कुणी हाकलत नाही. तोंडात नळी असून मला बोलता येतंय, त्याचंही नवल वाटत नाही.

"कान दुखतायत हो."

"दुखणारच. नाक चिमटीत धर आणि हळूच फुंक. जोर नाही लावायचा. झालं टक्?"

"झालं."

"दुखायच्या आधीच करायचं असतं ते. तू नेहमी दुखेपर्यंत थांबतेस."

आम्ही उतरतोय. जिना आमच्या घरचा, गच्चीचा, फक्त तो खाली जातोय. मी साडी नेसलेय, पांढरी, लाल काठांची. दोन पायऱ्या उतरते तर काठ मातकट होतात, आणखी उतरते तर राखाडी.

"माझे काठ विटले!"

"विटले नाहीत. लाल रंग इथवर पोचत नाही. वर गेलीस की परत लाल होतील."

"आणि तुम्ही? वर गेल्यावर?"

ते ऐकू न आल्यासारखं करतात. ही त्यांची जुनी सवय. "तो बघ, पोपटमासा! ऐक."

निळाहिरवा, दांडगा मासा खडकाला तोंड लावून बसलाय. करकर करकर आवाज येतोय, कुणी खडीसाखर फोडावी तसा. डॉक्टर त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे राहतात. इतकं कौतुक त्यांनी गिरिजाच्या बारशाला केलं नव्हतं.

"काय दात आहेत! आख्ख्या बार्शीत असे एकाचे नाहीत. पोवळ्याचा खडक चावून खातो, आणि मागून वाळू टाकतो. तुला आवडला ना इथला पांढरा किनारा? बराचसा यांनीच केलाय."

"शी! मी तिथे अनवाणी चालले सकाळी!"

ते हसतात. हसताना त्यांच्या तोंडातून बुडबुडे निघत नाहीत. ते मला दिसतं. तेवढ्यात कडेकडेने पांढरं होत येतं. आधी मासा दिसेनासा होतो, मग जिना, मग त्यांचे हात.

"अहो! तुम्ही दिसत नाही. अहो!"

"साबणाने धुतलास ना?"

"पुसून कोरडासुद्धा केला."

"काढ तो. इकडे दे."

मी आमच्या स्वयंपाकघरात उभी आहे. ओट्यावर चहा उतू गेलाय. ते मास्क हातात धरून उभे आहेत, बशी धरावी तसा. याच ओट्याशी, माझी पाठ फिरली की ते माझ्या कपातला घोट घ्यायचे, आणि मी तो चहा मोरीत ओतून दुसरा करायचे. त्यांना राग यायचा नाही. दुसऱ्या चहातलाही घोट घ्यायचे.

"थुंक," ते म्हणतात.

"नाही."

"जन्मभर गावाला थुंका थुंका सांगत आलो. कलेक्टर थुंकले, आमदार थुंकले. एक तू तेवढी ऐकत नाहीस."

"मला नाही जमत ते."

"मग मी थुंकतो."

आणि खरंच थुंकतात, नेमके काचेच्या मधोमध. अंगठ्याने गोल गोल पसरवतात, अगदी मन लावून. पेशंटची कवळी पॉलिश करून झाल्यावर अशीच उजेडात धरून बघायचे. मास्क उजेडात धरतात आणि माझ्यापुढे करतात. "घे."

"तुमचं उष्टं?"

"माझंच आहे की. परक्याचं नाही."

मला रडू फुटतं. पाण्यात असते तर कळलं नसतं, पण इथे ओट्यापाशी ते गालांवरून वाहतंय. "तुम्ही चला बरोबर. खाली, फांदीपर्यंत."

"माझं काय काम? गिरिजा आहे जोडीला. जोडीदाराशिवाय उतरायचं नसतं, पहिला नियम आहे तो. आधी एकमेकांचे पट्टे बघायचे, हवा बघायची, मगच खाली."

"मग तुम्ही कसे एकटे गेलात?"

चहा ओट्यावरून टपटप गळतोय. डॉक्टर तुटलेल्या बटणाच्या जागी हात लावतात.

"नियम मोडला खरा," ते हळूच म्हणतात.

"मला राग येतो तुमचा. रोज येतो. आणि तुमच्याशिवाय घर खायला उठतं."

"माहीत आहे गं."

"फांदी केवढी झाली तेवढं तरी सांगा."

"मी कशाला सांगू? जाऊन बघ."

"सांगा ना."

ते दोन्ही हात समोर धरतात, कापड मोजावं तसे. आधी बोटभर अंतर. मग वीतभर. मग हात आणखी लांब होत जातात, आणि मी थांबायची वाट बघत असते, तोच गाढव ओरडतं.

पंखा फिरतोय. उशी भिजलीय. झडपं खडखडतायत, बाहेर ऊन रणरणतंय. मी उठून बसते, आणि सवयीने आधी पदर सारखा करायला जाते. पदर नाही, गिरिजाचा ढगळ टीशर्ट आहे.

स्टुलावर मास्क आहे. उचलते तर आतून ओला. काचेवर बारीक फेस आहे, आणि त्यात अंगठ्याने काढलेली गोल गोल वळणं. मी तो नाकाशी नेते. लवंग.

दार ढकलून गिरिजा आत डोकावते. अंगात ओला पोशाख, पायांना वाळू. "आई, बोट निघतेय. नसेल यायचं तर राहू दे हं. बाबा काही रागावणार नाहीत."

"येतेय मी."

ती हात पुढे करते. "आण तो मास्क, पाण्यातून काढून आणते. आणि या वेळी थुंकणार आहेस ना?"

"थुंकून झालंय," मी म्हणते आणि मास्क छातीशी धरते. "हात लावू नकोस. धुवायचा नाहीये तो."