रेस दिली की येणारा आवाज

गेल्या फेब्रुवारीत, चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेनंतर गिरीज गावातल्या घरी परतताना, बाबांच्या गाडीतून कुईं असा बारीक आवाज आला. तो आईने ऐकला, मी ऐकला. गाडी चालवणाऱ्या बाबांनी ऐकला नाही.

त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला की तो सुरू होई आणि पाय उचलला की विरे. मोठा नव्हता. दुपारी वाडीत आडवे पडल्यावर लांबच्या विहिरीवरचा पंप ऐकू यावा, इतपतच. काचा खाली होत्या. दोन्ही बाजूंच्या केळींची सावली बोनेटवरून काचेवर आणि काचेवरून मागे सरकत होती. एका वळणानंतर मला वाटले, हा आवाज गाडीचा नाही, बागांचा आहे. आपण पुढे जातो तसा तो सोबत येतो. घराच्या फाटकाशी बाबांनी पाय उचलला आणि तो थांबला.

"गाडी रडते तुमची," आई म्हणाली.

"ती कशाला रडेल? तिचं काय माझ्याशी लग्न लावलंय?" बाबा म्हणाले.

बाबा निवृत्त शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर. चर्चला, बाजाराला ते स्वतः गाडी काढत आणि दर आठवड्याला माझ्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटवर केळी, पडवळ, वालाच्या शेंगा पोचवत. घरातल्या टीव्हीचा आवाज वर्षभरात बराच वाढला होता. त्याबद्दल कोणी काही बोलत नव्हते. त्या दिवशी जेवताना आई बोलली.

"आम्हाला दोघींना येतो तो आवाज तुम्हाला येत नाही. मग मागचा हॉर्न कसा येतो?"

बाबांनी घास खाली ठेवला. अट त्यांनीच घातली. गाडी गॅरेजला न्यायची. आवाज नसेल, तर त्यांच्या गाडी चालवण्याबद्दल या घरात पुन्हा कोणी बोलायचे नाही. असेल, तर किल्ली माझ्याकडे द्यायची.

तो आठवडा मला आवाज सगळीकडे ऐकू आला. इमारतीच्या लिफ्टमध्ये, शेजारच्या मिक्सरमध्ये. पहाटे अर्धवट झोपेत तो खिडकीतून आत येई आणि गादीच्या कडेशी थांबे. उठून बसले की नसे. बाबांचे कदाचित बरोबर असेल, असेही मला एकदा वाटले. तसे निघाले असते तर मला बरे वाटले असते.

शनिवारी दुपारी आम्ही तिघे फुलपाड्याच्या गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिक चाळिशीचा, बोलका. त्याने बोनेट उघडून रेस दिली.

"तुला येतोय आवाज?" बाबांनी विचारले.

"अंकल, आवाज काय, दात शिवशिवतायत."

"येणारच. गॅरेजवाल्याला आवाज आला नाही तर त्याची चूल कशी पेटेल? काय वाजतंय ते दाखव. मग मानीन."

मेकॅनिक हसला. मग त्याने एकेक गोष्ट तपासली. गाडी उभी होती, न्यूट्रलमध्ये, तरी रेस दिली की आवाज येत होता. म्हणजे चाकांचा नव्हता. स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवले. आवाजात फरक पडला नाही. "अल्टरनेटरचं बेअरिंग रडतंय," तो म्हणाला आणि ते फिरवणारा पट्टा त्याने काढला. पट्ट्याशिवाय इंजिन जरा वेळ चालवले. कुईं तसेच.

"बेअरिंग निर्दोष सुटलं," बाबा म्हणाले. "आता कोणावर आळ घेतोस?"

मेकॅनिकने पट्टा परत चढवला. दुपार कलली होती. समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरी एकदम फुगत आणि एकदम पडत. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसली होती. झोपली आहे असे मला वाटले. ती उठली, पदर सावरत बोनेटपाशी आली आणि वाकून पाहू लागली.

"हे सोपट इथे कोणी बांधलं?"

इंजिनला हवा नेणाऱ्या काळ्या पाइपच्या तोंडाशी केळीच्या खोडाच्या सुक्या सालीची पट्टी बांधलेली होती. मेकॅनिकने ती गवताची काडी समजून सोडून दिली होती. आमच्या वाडीत सोपट भिजवून त्याने वालाचे वेल मांडवाला बांधतात. सुकले की गाठ घट्ट बसते.

"क्लिप तुटली होती," बाबा म्हणाले. "पाइप हलत होता. नाताळानंतर बांधलं मी."

"वेल आहे का तो?" आई म्हणाली.

गाठ घट्टच होती. मात्र इंजिनच्या उष्णतेने साल चिरली होती आणि तिचा एक धागा सुटून पाइपच्या तोंडावर आडवा आला होता. रेस दिली की पाइप हवा ओढे आणि धागा पानाच्या पिपाणीसारखा वाजे.

मेकॅनिकने मला बोनेटखालची रेसची तार ओढायला सांगितली आणि बोटाने धागा दाबून धरला. आवाज बंद झाला.

"आता?" त्याने बाबांना विचारले. मग बोट उचलले. कुईं. "आणि आता?"

बाबा बोटाकडे पाहत होते. मग त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. मेकॅनिकने पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. बाबा दोन्ही वेळा आईकडेच पाहत राहिले.

शेवटी त्यांनी स्वतःचे बोट पुढे केले आणि धाग्याला अलगद टेकवले. मी रेस वाढवली. धागा त्यांच्या बोटाखाली थरथरत होता.

"वाजतंय," ते म्हणाले.

मेकॅनिकने सोपट कापून काढले आणि नवी क्लिप बसवली. रेस दिली. आवाज आला नाही. बाबांनी इंजिन बंद करून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली घराची किल्ली सोडवून घेतली आणि जुडगा माझ्या हातात दिला. मग ते डावीकडचे दार उघडून पुढे बसले. आई मागे बसली.

उड्डाणपुलाच्या चढावर मी अॅक्सिलरेटर दाबला. उन्हे समोरून काचेवर येत होती. बाबा झोपले होते.