दारावरची टाईल

सावद्याचं घर विकायचं ठरलं तेव्हा मी जळगावला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझी मोठी बहीण धुळ्याला नर्स आहे. तिचं बाळ लहान, म्हणून आई-पप्पा तिच्याजवळ राहायला जाणार होते. आईचे गुडघे फार दुखतात. तिला तळमजल्यावरचं घर मिळावं एवढीच आमची इच्छा होती, आणि तसं घर मिळणं हे सावद्याचं घर कितीला जातं यावर अवलंबून होतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पप्पा सगळंच मला विचारायचे. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून सांगितलं, की विकण्याआधी दर्शनी भागाला रंग दिला, स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा केला, तर किंमत चांगली येते. पप्पांनी आयुष्यभर केळीच्या गाड्या भरल्या. आता ते गवंड्याच्या हाताखाली राबू लागले. ओटा झाला, बाथरूमला फरशी लागली, गच्चीवर नवी टाकी चढली. आई ओट्यावरून हात फिरवत म्हणाली, "इतकी वर्षं खाली बसून भाकरी थापल्या, अन्‌ घर सोडताना राणी केली मले!"

घराला गिऱ्हाईक आणणारे आबा पप्पांच्या जुन्या ओळखीचे. एका संध्याकाळी चहा पिताना ते बशीकडे पाहत म्हणाले, "भाऊ, राग नका मानू. रंग देताना दारावरची टाईल काढून ठेवा. मले काय, मी तं तुमच्या घरी जेवेल माणूस. पण गिऱ्हाईक दारातूनच परत जातं."

घर बांधलं तेव्हा पप्पांनी दाराच्या वर बुद्धांची टाईल बसवून घेतली होती.

आबा गेल्यावर पप्पा मला म्हणाले, "तू शिकेल आहे. तू सांग."

मला आईचे गुडघे दिसत होते आणि पप्पांचा चेहराही. "मला खरंच कळत नाही, पप्पा," एवढंच मी म्हणू शकले.

आई आतून म्हणाली, "काढा. आपल्यासंगं धुळ्याले नेऊ. ते काय गिऱ्हाइकाले द्यायचं आहे का?"

पप्पा छिन्नी घेऊन स्टुलावर चढले. टाईल हलेना. "मीच म्हटलं होतं गवंड्याले," ते पुटपुटले, "अशी बसव, की माह्या नातवालेही निघू नये." चार ठोके मारल्यावर कोपऱ्याचा एक बारीक टवका उडाला, आणि ते थांबले. उडालेल्या जागेवर त्यांनी कितीतरी वेळ अंगठा धरून ठेवला, एखाद्याला लागल्यावर धरावा तसा.

आबांनी दुसरा उपाय सांगितला. झेंडूचा जाडसा हार सोडायचा, म्हणजे टाईल झाकली जाईल. रविवारी चाळीसगावकडचं एक जोडपं घर पाहायला आलं तेव्हा दारावर तसा हार होता. बाईंना ओटा फार आवडला. नवरा जाता जाता पप्पांना म्हणाला, "काका, काही दोष असेल तर आत्ताच सांगा हां. नंतर भांडण नको."

पप्पांनी त्याला मागे नेऊन पावसाळ्यात ओल येणारी भिंत दाखवली. मग सगळ्यांना दारापाशी आणलं आणि हात वर करून हार बाजूला केला.

"अन्‌ हे एक आहे. हे निघत नाही. मागून कळायला नको."

ओलीबद्दल बोलले त्याच आवाजात ते हे बोलले. हार पुन्हा खाली घसरू लागला. मी पुढे होऊन तो धरून ठेवला. बाईंनी वर पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "कळवतो," तो म्हणाला. त्यांनी काही कळवलं नाही.

आबा जाम चिडले. "भाऊ, ओलीचं कोणी सांगतं का? अन्‌ वरून हे!"

"ओलीचं चुकलंच माहं," पप्पा म्हणाले, आणि हार काढून त्यांनी आबांच्याच गळ्यात घातला. आबा हसावं की रागवावं अशा चेहऱ्याने तसेच बसून राहिले.

पुढे घर टाईलसकट विकलं गेलं, पण आम्ही धरलं होतं त्याहून बरंच कमीला. धुळ्याला घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. सुट्टीत मी तिकडे जाते तेव्हा आई नातवाला भेटून परतताना जिन्याच्या वळणावर टेकते. मागून पप्पा भाजीच्या पिशव्या घेऊन येतात.

"खाली राहिलो असतो आपण," ती मला म्हणते, "पण तुह्या बापाले खरं बोलायची हौस!"

"पाठीवर घेऊ का तुले?"

"घ्या ना. बिल्डिंगवाल्यांची करमणूक होईल."

पप्पा खरंच पिशव्या खाली ठेवतात आणि वाकतात. आई त्यांच्या पाठीवर एक चापट मारते, माझा खांदा धरते आणि उठते.