पाच फ्री प्लॅन आणि एकच रविवार

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा पाजा आधी, कारण हे ऐकून तुम्ही मला दुसऱ्यांदा चहा विचारणार नाही. असला मूर्खपणा केलाय मी!

मुरबाडच्या पुढं, रस्त्याला लागून आमची घरगुती खानावळ आहे. गावठी कोंबडी, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. स्वयंपाक कुंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा. आणि डोकं माझं. हसू नका, पुढं ऐका.

त्या आठवड्यात कुंदाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती. रविवारी डोंबिवलीहून पंचवीस बायकांचा ग्रुप येणार होता. जेवण आवडलं तर दर महिन्याला येऊ म्हणाल्या होत्या. बिचारी मसाला कुटण्यापासून अंगण सारवण्यापर्यंत सगळं एकटी करत होती. मला म्हणाली, "तुमी फक्त मधी मधी करू नका."

मग मी काय करणार? धंदा वाढवायला बसलो. ईमेल मार्केटिंग!

"अवो, फोन करा ना सरळ," कुंदा म्हणाली.

"फोन काय गो, कुणीपण करतं. ईमेलला वजन असतं!"

शोधता शोधता फुकटचे प्लॅन देणाऱ्या पाच कंपन्या सापडल्या. एक म्हणे माणसं कितीही टाका, पण खाली आमची जाहिरात राहणार. दुसरीला जाहिरात नाही, पण दिवसाला मोजक्याच ईमेल. तिसरीची चित्रं काय सुंदर, पण बटण शोधता शोधता घाम फुटला. चौथी, पाचवी तशाच. फुकटच घ्यायचं होतं, पण मी अशी चिकित्सा करत होतो, जसा काय जावई बघतोय.

शेवटी म्हटलं, पाचही वापरून बघू. जिची ईमेल जास्त लोक उघडतील ती कंपनी आपली. आता तुलना करायची तर माणसं तीच हवीत ना? तुम्हीच सांगा! मी आधी वाशिंदच्या कारखान्यात होतो. तिथले माझे जुने दोस्त पाचही कंपन्यांत टाकले. मजकूरही एकच, फक्त नाव ज्याचं त्याचं. 'प्रिय प्रकाश, रविवारी सहकुटुंब जेवायला या. वाट बघतो.' चाचणीच ती, तिच्यात दर कशाला लिहायचा? रोज एका कंपनीतून, अशी शुक्रवारपर्यंत पाच वेळा सोडली.

मला म्हणायचं होतं, कुठल्याही रविवारी!

पण आपल्याकडची रीत तुम्हाला माहितीय. एकदा बोलावलं तर ते तोंडदेखलं. दुसऱ्यांदा बोलावलं तर 'बघू'. पण एखादा रोज नाव घेऊन बोलवायला लागला आणि आपण गेलो नाही, तर जन्माचा रुसवा! ही रीत मला माहीत नव्हती का? होती हो! पण ती ईमेललाही लागते, हे एकाही कंपनीनं लिहिलं नव्हतं.

उलट शुक्रवारी बघतो तर पाचवी ईमेल झाडून सगळ्यांनी उघडलेली. मी उडालोच. "कुंदे, पाचवी कंपनी भारी आहे बघ!"

रविवारी ऊन चढलं तशी दारात पहिली जीप थांबली. माझा दोस्त प्रकाश उतरला. मागून बायको, पोरं, सासू, आणि सासूच्या मांडीवरून उतरवलेला केक.

"काय रे, इकडं कुठं?" मी विचारलं.

"कुठं काय कुठं? पाच पाच वेळा बोलवलंस, आमी काय दगड हाव? वाढदिवस हाय ना?"

"कुणाचा?"

"मला काय म्हाईत! तूच सांगायला लाजतोस."

तोवर दुसरी जीप, तिसरी जीप. आमचे जुने सुपरवायझर भोईरकाका वास्तुशांत समजून भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. आणि काकूंनी कुंदाच्या हातात काय ठेवलं असेल? झबलं-टोपडं! वर कानात म्हणाल्या, "या वयात होतं गो कधी कधी. लाजायचं काय त्यात?"

अहो, आमचा मुलगा लग्नाचा आहे!

कुंदानं मला स्वयंपाकघरात ओढलं. मी मोबाईल काढून पाच प्लॅनमधला फरक समजावायला लागलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पंचवीस मानसांचं रांधलंय मी. हे समदे जेवले तर माज्या बाया काय खातील?"

तेव्हा मात्र मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि नेमकी डोंबिवलीची बस दारात उभी!

कुंदानं डोळे पुसले, पदर खोचला आणि अंगणात गेली.

"भावजी, काका, पाच वेळा बोलवलंय तुमाला. म्हंजे तुमी पाव्हने नाय, घरचे झालात. मंग घरच्यांनी काय करायचं?"

घरच्या कार्यात घरची माणसं आधी वाढतात आणि शेवटी जेवतात, हे कुणाला सांगावं लागतं? भोईरकाकांनी बाह्या सरसावल्या. प्रकाशनं रश्शाची बादली उचलली. त्याच्या सासूनं भाकऱ्यांची टोपली घेतली. असा आग्रह केला की त्या बायका 'पुरे, पुरे' म्हणत ताटावर आडवे हात धरत होत्या. कोंबडीचा तुकडा उरला नाही.

मी? मी पंगतीतून मोबाईल घेऊन फिरत होतो. सहावी ईमेल आपोआप जाऊ नये म्हणून कुठलं बटण दाबायचं, ते सापडत नव्हतं.

घरच्यांना शेवटी पिठलं-भाकरी मिळाली. केकही कापला. वाढदिवस कुणाचा, ते काही ठरलं नाही.

संध्याकाळी डोंबिवलीच्या ताईंचा फोन आला. कुंदानं मुद्दाम स्पीकर लावला.

"वहिनी, काय जेवण हो! दर महिन्याला येणार आम्ही, नक्की. आणि वाढपी किती गुणी तुमचे! फक्त एक सांगू का? तो चष्मेवाला, नुसता मोबाईल घेऊन फिरत होता बघा. त्याला कशाला ठेवलाय? काढून टाका."

कुंदानं माझ्याकडं बघितलं आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"राहू दे हो ताई. फ्री प्लॅनमधला हाय तो. पगार द्यावा लागत नाय, म्हनून ठेवलाय."