वहीतलं पहिलं पान

काका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम घालून देतात. कुठला प्रिंटर त्यावर चालतो, ही माहिती इंटरनेटवर पैशाला पासरी मिळते आणि त्यातली निम्मी शिळी असते. कुणी नुसतं 'चालतो' म्हटलं की काका खवळतात. "कुणी चालवला? कधी? कोणत्या आवृत्तीवर? तारीख नसेल तर ती माहिती नाही, अफवा आहे!" स्वतः चालवून बघितल्याशिवाय ते वहीत नोंद करत नाहीत, आणि वर्ष उलटलं की ती खोडून पुन्हा तपासतात.

काकूच्या छातीत गाठ लागली, तेव्हा त्यांनी "दाखवून ये" म्हणून तगादा लावला. काकूने दवाखान्याचा धसका घेतलेला. तिने कपाटातला एक रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. काकांच्या हातात उघडा प्रिंटर होता. 'दोष आढळला नाही' एवढं वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला.

रिपोर्ट चार वर्षांपूर्वीचा होता. हे कळेपर्यंत गाठ पार पसरली होती, आणि सहा महिन्यांत काकू गेली.

तो कागद आता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेला आहे, तारखेभोवती लाल गोल करून. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, नोंद कशी वाचावी याचा तो नमुना आहे. काका "हो" म्हणतात.