एक माप मोठी बांगडी

एल्फ मेल्यावर त्यांचं काय करतात, हे मला पोटासाठी शिकावं लागलं. गोष्टी ऐकवणाऱ्या एका मोबाइल ॲपसाठी मी परदेशी कल्पनाकथा मराठीत आणते, तेही शहाद्याजवळच्या आमच्या गावात, माहेरच्या ओट्यावर बसून. एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, रानात राहणारे, हजार हजार वर्षं जगणारे देखणे लोक. सगळं जग त्यांच्यावर भाळलेलं आहे. मला विचाराल तर भारी नखरेल जात. जगतात नखऱ्यात आणि मरतात त्याहून जास्त नखऱ्यात.

माहेरी येऊन राहिले त्याचं कारण आबा, म्हणजे माझे वडील. ते विसरायला लागले आहेत. आधी खतांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, आता जेवल्याचंही आठवत नाही. एकट्या मायला आवरेना, म्हणून मी लॅपटॉप घेऊन आले.

दुपारी माय शेंगा फोडत बसते आणि मी झालेलं भाषांतर तिला वाचून दाखवते. तिला पटलं तर कुणालाही पटेल. एका गोष्टीतले एल्फ प्रेत नावेत ठेवून फुलांसकट सोडून देतात. दुसऱ्या गोष्टीतले छातीवर रोप लावतात. तिसरीतले मेलेल्याचं नाव शंभर वर्षं तोंडातून काढत नाहीत.

"दहावं नही का त्यास्नं?" मायने विचारलं.

"नाही."

"मंग कावळा कोठे शिवस?"

"कावळा नसतो गं त्यांच्यात."

"मंग अडकेल ऱ्हातीन बिचारा," माय म्हणाली आणि टरफलं सुपात झटकली. मी हसले. त्या दिवशी एवढंच झालं.

आता आमच्या शेतातल्या कोपऱ्याबद्दल सांगायला हवं. केळीच्या पलीकडे, नाल्याच्या कडेला एक निंब आहे. त्याच्याभोवतीची खाटेएवढी जमीन कधी नांगरली गेली नाही. तिथे आसरा राहतात, पाण्यातल्या सात बहिणी, ज्या बाईमाणसाला आणि लेकरांना धरतात, असं आबांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. मजुरांनाही तेच सांगितलेलं. ट्रॅक्टरवाला अलीकडूनच वळायचा. मायने तर माझ्या जन्माआधीपासून तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. निंदायला गेली तरी त्या बाजूच्या ओळी ती दुसऱ्या बाईला द्यायची.

मी लहानपणी एकदा गेले होते. पार निंबापर्यंत नाही, केळीच्या शेवटच्या ओळीपर्यंत. भर दुपार होती, वारा नावालाच होता, आणि पानांच्या आडून बांगड्या वाजल्या. काचेच्या, कुणी हात हलवावा तशा. मी पळत सुटले ती थेट मायच्या पदरात. रात्री ताप भरला. मायने मीठमिरची ओवाळली, आबा मात्र माझ्या पायथ्याशी बसून राहिले. पुढे किती शिकले, शहरात राहिले, भूतबीत सगळं झूट म्हणाले, तरी केळीतल्या बांगड्यांचा आवाज काही कानातून गेला नाही. अजूनही दुपारची जाग आली की आधी तोच ऐकू येतो.

आसरांचा निवद निघायचा आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी खातात. आदल्या बाजारी आबा मला शहाद्याला घेऊन जायचे. बसस्टँडजवळच्या बांगडीवालीकडे माझ्या बांगड्या झाल्या की माझाच हात पुढे करून म्हणायचे, "यानाथून एक माप मोठी अजून एक जोडी दे." ती जोडी आसरांची. माय पुरणपोळीसोबत ती फडक्यात बांधून द्यायची आणि दर वर्षी टोकायची, "आवो, सात जनी आनि जोडी एकच?"

"वाटून लेतीन," आबा म्हणायचे, आणि एकटेच निघून जायचे.

गेल्या थंडीत मी जे प्रकरण वाचलं ते एल्फांच्या लेकरांचं होतं. एल्फांमध्ये लहान मूल मेलं की आई त्याला आपल्या हातांनी मातीत ठेवते. मग दर वसंतात तिथल्या झाडाला एक सदरा टांगते, गेल्या सदऱ्यापेक्षा एक माप मोठा. मूल मातीतही वाढतं, अशी त्यांची समजूत.

शेंगा फोडल्याचा आवाज थांबला.

"मले तं दखाडंबी नही," माय म्हणाली.

माझ्या आधी एक मुलगी झाली होती, हे मला कानावर पडल्यासारखं माहीत होतं. मायच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. सकाळी जन्मली, संध्याकाळी गेली. "रडनी ते आयकं मी. मंग तुन्हा आबा फडकामा लई गयात. कोठे, ते बाईमानूसनी इचारानं नही ऱ्हास."

हे मात्र मला ठाऊक होतं. दात न आलेल्या लेकराला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. पुरुषमाणूस जातो, पुरून येतो, हातपाय धुतो. दगड ठेवत नाहीत, दहावं नाही, पितरांच्या पंगतीत पान नाही. बाळंतिणीने विचारायचं नाही आणि पुढचं मूल लवकर होऊ द्यायचं. एल्फांना मी नखरेल म्हणत होते. त्या दुपारी मला त्यांचा हेवा वाटला, आणि आपल्या शहाण्यासुरत्या रीतीचा मनापासून राग आला.

"मरापह्यले जागा दखानी व्हती मले," माय म्हणाली. "आते त्यास्ले याद बी नही."

आबा समोर खाटेवर बसून आपले तळहात बघत होते. जागा फक्त त्यांना माहीत होती, आणि त्यांच्यातून रोज काही ना काही निघून चाललं होतं.

माझ्या डोक्यात ते वाक्य फिरत राहिलं, गेल्या सदऱ्यापेक्षा एक माप मोठा. मग बांगडीवालीच्या दुकानात पुढे केलेला माझाच हात आठवला. मी मायकडे पाहिलं. तिला माझ्या आधीच कळलं होतं.

"तुन्हा आगोदरनी आखाजी," ती सावकाश म्हणाली. "त्यास्नी बारीक बांगड्या आन्यात. तान्हा पोरन्या. मी हासनू, म्हनं आसरास्ना हात इतला बारीक का?"

तिने अंगावरची टरफलं झटकली आणि चपला घातल्या. मी मागे. केळीत शिरल्यावर वाळलेली पानं अंगाला घासत होती. शेवटच्या ओळीला आल्यावर मला तो आवाज आला, बारीक, किणकिण. मी थांबले, माय थांबली नाही.

निंबापासून बांधावरच्या लाकडी खांबापर्यंत एक तार ताणलेली होती, आणि तारेत बांगड्या ओवलेल्या. निंबाकडच्या अगदी बारीक, माझ्या दोन बोटांतही गेल्या नसत्या, उन्हाने रंग उडून पांढरट झालेल्या. पुढे पुढे मोठ्या होत गेलेल्या. खांबाजवळच्या बाईमाणसाच्या हातातल्या असाव्यात तशा, आणि अजून हिरव्या. वाऱ्याने तार हलली की सगळ्या एकमेकींवर आदळत होत्या.

माय खाली बसली. मातीवर हात फिरवला, एकदा, मग पुन्हा. रडली नाही.

"इतला वरीस," ती म्हणाली, "मी मन्हीच पोरले भ्यायनू."

मी तिच्या शेजारी बसले.

परतलो तर आबा ओट्यावर उभे होते, अस्वस्थ. मायच्या पायांना लागलेली ओली माती त्यांना दिसली.

"तू तठे गयथी?" त्यांनी विचारलं. "तठे आसरा शे. धरस."

ते का सांगत होते, हे त्यांच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. राखण मात्र चालूच होती. मायने त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं.

"धरू द्या," ती म्हणाली.

यंदा आखाजीच्या आदल्या बाजारी माय स्वतः शहाद्याला आली. बांगडीवाली आता नवी आहे, जुनीची सून. तिने विचारलं, कुणासाठी, माप काय. मायने माझा हात ओढून तिच्यापुढे धरला.

"हिन्हापेक्षा एक माप मोठी दे," ती म्हणाली. "ती मोठी शे."