आधी आपण झोपायचं

“आधी आपण झोपायचं, मग दुसऱ्याला बांधायचं.” नवा माणूस कामावर आला की अक्का त्याला पहिल्याच दिवशी कॉटवर आडवा करून पट्ट्यांनी हातपाय बांधायची आणि शेजारी स्वेटर विणत बसायची. हे आमचं काचीगुड्याचं व्यसनमुक्ती केंद्र. मी तिथं समुपदेशक. बांधलेला गडी आधी हसायचा, मग त्याच्या नाकाला खाज सुटायची.

“बस हुआ अक्का, खोलो ना.”

“हौ, बस हुआ ना? पेशंटलाही होतं.”

बाई नांदेडकडची, सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर झालेली. तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असता, ही काय कुणाला बांधणार! अंगानं एवढीशी. पेशंटला ‘राजा’ म्हणायची.

आमच्याकडे का आली, ते तिनं मला एकदाच सांगितलं, भाकरी मोडता मोडता. तिचा धाकटा भाऊ इथंच दाखल होता. दारू सुटताना थरथरायला लागला, भिंतीवर माणसं दिसतात म्हणाला. कालपर्यंत वॉचमन असलेल्यांनी त्याला बांधलं; त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. मालक डॉक्टरसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, नाटक आहे, पडू दे. भाऊ गेला. साहेबांना आता या बहिणीचा चेहराही आठवत नव्हता.

“एकदा त्या साहेबाला त्या कॉटवर बघायचंय,” अक्का म्हणाली. “मग मेले तरी चालेल.”

सावज आपल्या पायानं चालत आलं. साहेबांना जाहिरातीसाठी फोटो हवा होता, स्टाफला आपण कसं कसून शिकवतो त्याचा. स्वतःच कोट घालून आडवे झाले. अक्कानं पट्टे आवळले, फोटोवाल्याला चहाला पिटाळलं आणि विणायला घेतलं.

साहेब हसले, मग ओरडले, मग नोकरी घालवण्याची धमकी दिली. एक नवी पोरगी सोडवायला उठली, तिला अक्कानं खाली बसवलं.

“नाटक आहे. पडू दे.”

साहेब पांढरेफटक पडले. खोटं कशाला बोलू, माझ्या जिवाला असा थंडावा कधी मिळाला नव्हता. त्या मेल्याला संध्याकाळपर्यंत तसाच ठेवावा असं वाटत होतं.

मग साहेब बारीक आवाजात म्हणाले, “अक्का, पाणी.”

अक्का उठली. मानेखाली हात घालून, ठसका लागू नये म्हणून डोकं उचलून धरून, तिनं त्यांना घोटघोट पाणी पाजलं. मग पट्टे सोडले.

संध्याकाळी तिला काढून टाकलं. बसस्टॉपपर्यंत मी बरोबर गेले. ती रडत होती, पण नोकरीसाठी नाही, रागानं.

“मेला हात माझ्या आधी उठला,” ती म्हणाली. “अजून पडू द्यायचा होता गं त्याला.”

दिलसुखनगरची बस आली, ती चढली आणि गेली. परत आमच्याकडे फिरकली नाही. नव्या लोकांना आता तुम्ही शिकवा, असं साहेबांनी पुढं मला सांगितलं. मी नाही म्हणाले. मी पाणी दिलं नसतं.